कठड्यापाशी आलेले खेळाडू

सामना संपल्यावर खेळाडूंनी प्रेक्षकांना भेटायला यावं की नाही, हा विषय घरात निघाला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो. माझा मुलगा शारजात वाढला, तिथल्याच शाळेत शिकला. सातवी-आठवीत असताना त्याच्या शाळेत याच विषयावर वादविवाद होता. तो वही घेऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "बाबा, आर यू फॉर ऑर अगेन्स्ट?"

मी म्हटलं, "मला शिसारी येते."

"दॅट्स नॉट अ साइड, बाबा."

त्याचं बरोबर होतं, ती बाजू होत नाही. पण शिसारी तेव्हाही येत होती आणि आजही येते. टीव्हीवर एखादा संघ सामना संपल्यावर मैदानाला फेरी मारून टाळ्या वाजवतो, कठड्यापलीकडून पुढे आलेल्या हातांना चापट्या मारत जातो, तेव्हा माझ्या तोंडाला कडवट चव येते. ती कुठून येते हे मुलाला त्या वेळी सांगितलं नाही. तो वादविवादात बोलला, बक्षीसही घेऊन आला. कोणत्या बाजूने बोलला ते मी विचारलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी अबुधाबीजवळच्या मुसफ्फामध्ये एका कंपनीच्या लेबर कॅम्पच्या ऑफिसात होतो. कंपनी इमारतींच्या परांच्या बांधायची, आणि कुठे मोठा कार्यक्रम असला तर लोखंडी पाइपांच्या तात्पुरत्या गॅलऱ्या उभ्या करून द्यायची. कुणाला कोणती खोली, कुठल्या साइटला कुठली बस, कोण आजारी, कोणाची गावाला जायची सुट्टी मंजूर झाली, हे बघणं माझं काम. मी बी.कॉम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. वडील मंगळवेढ्यात पिठाच्या गिरणीवर कामाला होते. मी पास झालो त्या दिवशी मालकाने त्यांना खुर्चीवर बसवून चहा पाजला, हे ते पुढे कितीतरी वर्षं सांगत. मुसफ्फात माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी होती. तिचा फोटो काढून मी घरी पाठवला होता.

ही नोकरी मला ज्यांनी दिली, ते कंपनीचे जनसंपर्काचे साहेब मुंबईचे, मराठी. मुंबईतल्या मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळलं तेव्हा त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "मराठीत बोल. काम येतं ना?" ते वाक्य मी विसरलेलो नाही. त्यांच्याविषयी वाईट लिहिताना हात जड होतो. पण घडलं ते त्यांच्याच हातून घडलं, त्याला माझा इलाज नाही.

कॅम्पमध्ये कोकणातले पुष्कळ लोक होते. त्यांचा मुकादम गुहागरकडचा, पन्नाशीला आलेला, एक गुडघा कायमचा सुजलेला. तरुणपणी कबड्डी खेळायचा, जिल्ह्याच्या संघापर्यंत पोचला होता. त्याला सगळे भाऊ म्हणत. खोल्यांत भांडण झालं की लोक माझ्या ऑफिसात न येता भाऊंकडे जात, आणि मला त्याचं बरंच वाटे. पाइपांच्या राशी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये वाळूचा एक पट्टा होता. तिथे दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, भाऊ कबड्डी लावायचे. कधी शारजाच्या साइटवरचे लोक खेळायला यायचे, कधी दुसऱ्या कंपनीचे.

या सामन्यांची एक रीत होती. खेळ संपला की बाहेरून आलेला संघ, हरलेला असो की जिंकलेला, दोरीच्या कडेने एकामागोमाग चालत जायचा आणि बघणारे प्रत्येकाच्या हातावर काहीतरी गोड ठेवायचे. भाऊंच्या गावात म्हाताऱ्या बाया खोबरं-साखर ठेवत. कॅम्पमध्ये जे असेल ते: चिक्की, खजूर, अगदीच काही नसलं तर चमचाभर साखर. दुसऱ्याच्या अंगणात येऊन मातीत पडला तो पाहुणा, त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, एवढंच त्यामागे होतं. मी देशावरचा. आमच्याकडे मी हे पाहिलं नव्हतं. वाळूने माखलेल्या तळव्यावर ती चिमूटभर साखर पडताना बघायला मला फार आवडायचं.

एका हिवाळ्यात विलायतेहून रग्बीचे दोन व्यावसायिक संघ अबुधाबीला येणार होते. दोन प्रदर्शनी सामने, लागोपाठच्या दोन शुक्रवारी. त्यांच्या खेळाला रग्बी लीग म्हणतात; रग्बीचाच एक वेगळा प्रकार. गॅलऱ्या आमच्या कंपनीने बांधल्या आणि त्या बदल्यात मैदानभर कंपनीच्या जाहिराती लागणार होत्या. साहेबांची अडचण वेगळीच होती. गोऱ्या लोकांची तिकिटं एकाच बाजूच्या गॅलरीत संपत होती. समोरची बाजू, जिकडे टीव्हीचा कॅमेरा बघणार होता, ती रिकामी.

साहेब कॅम्पवर आले आणि त्यांनी भाऊंना माझ्या ऑफिसात बोलावलं.

"भाऊ, शुक्रवारी चाळीसेक माणसं पाहिजेत. बस येईल, डबे मिळतील, कंपनीचे नवे टी-शर्ट मिळतील."

"काम काय साहेब?"

"काम नाही हो. मॅच बघायची. टाळ्या वाजवायच्या."

भाऊ माझ्याकडे बघून हसले. "शुक्रवार हाय साहेब. कपडे धुवायचा दिवस. पोरं नाय उठायची."

"ऐका तर. मॅच संपली की खेळाडू तुमच्या कठड्यापाशी येणार. प्रत्येकाशी हात मिळवणार. तसं ठरलंय त्यांच्या मॅनेजरशी."

भाऊंचं हसू थांबलं. "आमच्याकडं येणार? चालत?"

"चालत."

"मग आणतो माणसं," भाऊ म्हणाले.

माणसं आणणं सोपं नव्हतं. आठवड्यातून एकच दिवस स्वतःचा, तोही द्यायचा म्हणजे कुरकुर होणारच. खेडचा एक रिगर होता, जड पाइप दोरखंडाने वर चढवणारा, तोंडाने फटकळ, कबड्डीत उजव्या कोपऱ्याला उभा राहायचा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, गेटवरचा सिक्युरिटीवाला आपलं कार्ड आपल्या हातात देत नाय, टेबलावर टाकतो. आणि हे सायेबाचे प्लेअर आपल्याला हात लावणार?"

"तो सिक्युरिटीवाला," भाऊ म्हणाले. "हे खेळणारे. मातीत पडणारा माणूस हात आखडत नाय, मग तो कुठला पण असूदे."

"आणि आखडला तर?"

"तर पुढच्या शुक्रवारपासून मला भाऊ म्हणू नको. दुसरा बघा कोण शिटी वाजवायला."

हे ते चिडून बोलले नव्हते. पण चाळीस लोकांसमोर बोलले होते, आणि कॅम्पमध्ये असा शब्द हवेत विरत नाही. त्या शुक्रवारी काय होणार यावर त्यांची इतक्या वर्षांची जागा लागली, हे मला तेव्हाच कळलं.

त्यांना एवढा विश्वास वाटायला आणखी एक कारण होतं. परांच्या तपासायला आमच्याकडे एक इंग्रज सुपरवायझर होता. तो उत्तर इंग्लंडातल्या खाणींच्या गावचा आणि या खेळाचा वेडा. भाऊंनी माझ्यामार्फत त्याच्याकडून खेळ समजावून घेतला. त्याने वाळूत रेघा ओढून दाखवलं: तेरा-तेरा माणसं, लांबट चेंडू, तो घेऊन पुढे पळायचं, सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्यांचा. मी अर्थ सांगत गेलो आणि भाऊंचे डोळे मोठे होत गेले. "म्हणजे चढाई आणि पकडच की!" ते म्हणाले. "फक्त दम लावायला लागत नाय. म्हणून एवढे जाडे असणार." सुपरवायझरला मी हे सांगितलं तर तो खोकला येईपर्यंत हसला. मग त्याने सांगितलं की त्यांच्या गावात सामना संपल्यावर खेळाडू कठड्यापाशी येतात, पोरांशी, म्हाताऱ्यांशी गप्पा मारतात आणि नंतर क्लबात त्याच लोकांबरोबर पीत बसतात. काहींना तर दुसऱ्या दिवशी त्याच लोकांबरोबर कामावर जायचं असे, निदान त्याच्या लहानपणी तरी. भाऊंनी ते ऐकलं आणि मान हलवली. त्यांना नवीन काही कळलं नव्हतं. आपलं गाव तिकडेही आहे, एवढीच खात्री झाली होती.

मग त्यांनी वड्या करायचं ठरवलं. त्यांना कोणी करायला सांगितलं नव्हतं, मनाई पण केली नव्हती. गुरुवारी दुपारी काम लवकर सुटायचं. मल्याळी दुकानातून नारळांचं पोतं आलं. सामानातून विळी आणलेला एकच माणूस कॅम्पात होता. त्याच्या खोलीबाहेर खवायला रांग लागली. मेसच्या मोठ्या पातेल्यात साखर आणि खोबरं आटत होतं, वेलदोड्याचा वास माझ्या ऑफिसापर्यंत आला. भाऊ गुडघा लांब करून स्टुलावर बसले होते आणि ताटात थापलेल्या वड्या स्वतः कापत होते. "मोठ्या नको," ते सांगत होते. "दमलेला माणूस एका घासात खाईल एवढीच. आणि कोरडी हवी, हाताला चिकटली नाय पाहिजे." रिगर तोंड वाकडं करून म्हणाला, "भाऊ, लगीन कुणाचं हाय?" पण खोबरं खवत तोही बसला होता.

मी साहेबांना फोनवर सांगितलं की लोक खेळाडूंसाठी गोड घेऊन येणार आहेत. ते कुठल्यातरी घाईत होते. "वा, वा, चांगलं आहे," म्हणाले आणि फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी आम्ही त्या गॅलरीत बसलो, जी याच लोकांनी आदल्या आठवड्यात उभी केली होती. निळे टी-शर्ट, छातीवर कंपनीचं चिन्ह, मांडीवर वड्यांचे फॉइलचे डबे. खेळ सुरू झाला आणि थोड्या वेळाने मी साहेबांच्या सूचना विसरलो. टाळ्या वाजवा असं कोणाला सांगावं लागलं नाही. एखादा खेळाडू घोट्याला धरून आडवा पाडला की सगळे उठून ओरडायचे, "पट काढला! पट काढला!" केसांत माती भरलेला, भुवई फुटलेला एक तरुण पोरगेला खेळाडू पुन्हा पुन्हा तीन-तीन माणसांच्या अंगावर जात होता. भाऊंनी त्याला पहिल्यापासून हेरलं होतं. "तो बघा, तो आपला," ते म्हणत होते. "भीती नाय त्याला." समोरच्या गॅलरीतले लोक खेळ सोडून आमच्याकडे बघायला लागले होते. कॅमेरा तर आमच्यावरून हलतच नव्हता.

आमच्या गॅलरीच्या शेजारी पाहुण्यांचा तंबू होता. मधल्या वेळात मी तिथे साहेबांना निरोप द्यायला गेलो. आत लांब टेबलांवर मांस, केक, फळं मांडलेली होती आणि लोकांनी प्रत्येकातलं थोडंथोडं खाऊन बाकीचं तसंच टाकलं होतं. अर्ध्या खाल्लेल्या केकात कोणीतरी सिगारेट विझवली होती. बिअरच्या सांडलेल्या डबक्यात पावाचे तुकडे फुगून तरंगत होते आणि एक वेटर ते बुटाने टेबलाखाली सारत होता. वाया घालवणाऱ्यांची मला तोपर्यंत दया येत असे. किळस त्या दिवशी पहिल्यांदा आली.

भोंगा वाजला, खेळ संपला. साहेब माइक घेतलेल्या माणसाबरोबर मैदानात आले आणि त्यांच्या मागून दोन्ही संघांचे खेळाडू एका रांगेत आमच्या कठड्याकडे चालत यायला लागले. रिगर भाऊंकडे बघत होता. भाऊ पहिल्या पायरीवर कठड्याला टेकून उभे होते. डबे उघडले गेले. पहिला खेळाडू जवळ आला, त्याने हात पुढे केला, आणि भाऊंनी तो हात डाव्या हाताने खालून धरला, उलटा केला आणि तळव्यावर वडी ठेवली.

तो गडी थबकला. वडीकडे बघितलं, भाऊंकडे बघितलं, हसला. मागून येणाऱ्यांच्याही हातांवर वड्या पडू लागल्या. काही जण हसत होते, एकाने नाकाजवळ धरून वास घेतला. भाऊ ज्याला आपला म्हणत होते त्या पोराने तर सरळ तोंडात टाकली. मी शपथेवर सांगतो, जेमतेम पाच-सात श्वास ते सगळं होतं तसं होतं. मग साहेबांच्या लक्षात आलं.

"नो नो नो! डोन्ट ईट! डोन्ट ईट दॅट!"

ते धावत आले. तंबूच्या कोपऱ्यातून त्यांनी कचऱ्याची काळी पिशवी ओढून आणली होती. ती दोन्ही हातांनी उघडी धरून ते रांगेपुढून चालायला लागले. "इन हिअर, प्लीज. इन हिअर. यल्ला, यल्ला!" आणि खेळाडूंनी टाकल्या. दांडगट म्हणावा असा एकही माणूस त्यांच्यात नव्हता. कोणी आमचा अपमान करायचा म्हणून काही केलं नाही. त्यांना सांगितलं गेलं तसं त्यांनी एकामागोमाग पिशवीत हात झाडले, जसा विमानतळावरच्या तपासणीत माणूस पाण्याची बाटली पेटीत टाकतो. त्या पोराचं तोंड भरलेलं होतं. साहेबांनी पिशवी त्याच्या हनुवटीखाली धरली. तो गोंधळला, आणि त्याने तोंडातलं त्यात थुंकलं.

हे सगळं भाऊंच्या समोर, हाताच्या अंतरावर. मागून ओले टॉवेल घेतलेला एक माणूस येत होता. खेळाडूंनी हात पुसले, कॅमेऱ्याकडे बघून आमच्या लोकांच्या रिकाम्या हातांना भराभर चापट्या मारल्या आणि रांग पुढे गेली. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला.

मी कठड्यावरून उतरून साहेबांपाशी गेलो. म्हटलं, "साहेब, हे काय केलंत? लोकांसमोर?"

"अरे, कोणाचं पोट बिघडलं तर? कोण जबाबदार? लेबर कॅम्पच्या मेसमध्ये केलेलं..."

"त्यांनी स्वतः करून आणलंय. मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं."

"तू ग्रॅज्युएट ना? मग यांच्यासारखं काय बोलतोस? हायजीन कळत नाही तुला?" ते अजून पिशवी धरूनच उभे होते. इतक्यात भाऊ लंगडत खाली आले. त्यांनी पिशवीत हात घातला, एक वडी काढली, तिला लागलेलं गवत बोटाने झाडलं आणि खाल्ली. सावकाश चावून, गिळून. मग दुसरी काढली. ती अर्धी चावलेली होती. तीही खाल्ली.

"भाऊ, अहो काय हे, घाणीतलं!" साहेब मागे सरले.

"घाण कुठाय?" भाऊ म्हणाले. "खोबरंच हाय. घ्या, तुम्ही पण घ्या."

साहेबांनी पिशवी तिथेच टाकली आणि तंबूकडे निघून गेले. मला तिथे ओकारी होईल असं वाटत होतं. ती दुसऱ्याच्या थुंकीने भिजलेल्या वडीची होती, साहेबांच्या चेहऱ्यावरच्या किळसेची होती की त्या गोड वेलदोड्याच्या वासाची, मला सांगता येणार नाही. इंग्रज सुपरवायझर समोरच्या बाजूने धावत आला होता. त्याने पिशवीत वाकून बघितलं, भाऊंकडे बघितलं आणि टोपी काढून उभा राहिला. माझ्याजवळ येऊन म्हणाला की त्याच्या गावात असं करणाऱ्या माणसाला कपड्यांसकट कालव्यात फेकलं असतं. मी हे भाऊंना सांगितलं नाही. त्या वेळी गावांच्या गोष्टी नको होत्या.

बस कॅम्पकडे निघाली. मुसफ्फाचा पूल ओलांडल्यावर रिगर उठून भाऊंच्या सीटजवळ आला. मला वाटलं आता टोमणा येणार. तो म्हणाला, "भाऊ, आले तर होते. हात पण पुढं केला होता. तुमचा शब्द खोटा नाय पडला."

त्याने भाऊ म्हटलं. त्याला ते म्हणायची गरज नव्हती, आणि त्याने मायेने म्हटलं, हेच भाऊंना सोसलं नसावं. ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "ते ड्युटीवर आलेले रे. आपण पण ड्युटीवरच होतो. येडा मी. ड्युटीत पाहुणचार मांडला."

मंगळवारी साहेबांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. फोटो झकास आला होता: भाऊ आणि तो पहिला खेळाडू, हातात हात, दोघंही हसताहेत. वडी फोटोत दिसत नव्हती. एम.डी. खूश होते. येत्या शुक्रवारी तीच माणसं, तीच जागा, आणि या वेळी खायला काही नाही. बसमध्ये चढतानाच तपासणी होईल.

मी म्हणालो, "साहेब, त्यांना बोलावू नका. बरं दिसत नाही."

"तुला नाही पाठवायचं तर दुसऱ्या कॅम्पवरून मागवतो. पण लक्षात ठेव, तुला इथे कोणी आणलं."

मी लक्षात ठेवलं होतं. तरीही मी म्हटलं की मी कोणाला सांगणार नाही, त्यांनी स्वतः येऊन सांगावं. ते आले. भाऊ उभ्यानेच ऐकत होते.

"सांगा त्यांना, प्लेअर्स परत भेटणार आहेत," साहेब म्हणाले.

"ते मी नाय सांगणार," भाऊ म्हणाले. "ड्युटी लावा साहेब. बोर्डावर लावलीत तर येतील. माझ्या शब्दावर आता कोण येणार नाय, आणि मी बोलावणार पण नाय."

साहेब हसले. "हबीबी, तुम्ही मनाला फार लावून घेता." त्यांनी खरंच ड्युटी लावायला सांगितली. बोर्डावर कागद लागला. मी तो लावला नाही, ऑफिसातल्या दुसऱ्याने लावला, एवढंच मला करता आलं.

दुसऱ्या शुक्रवारी तेच निळे टी-शर्ट, तीच पायरी. लोक आले आणि बसले. खेळ तितकाच जोरात चालला होता, माणसं तशीच आपटत होती, पण आमच्या गॅलरीत कोणी उठलं नाही. कोणी ठरवलं नव्हतं. प्रत्येकाने हात मांडीवर ठेवले होते. साहेब खालून टाळ्या वाजवायच्या खुणा करत राहिले, पुढे पुढे तर एकटेच वाजवत राहिले. कॅमेरा दोनदा आमच्याकडे वळला आणि दोन्ही वेळा लगेच फिरला.

भोंगा झाल्यावर खेळाडू आले. टॉवेलवाला मागे होताच. त्यांनी हात पुढे केले, पलीकडून एकही हात वर आला नाही, तर त्यांनी कठड्याच्या पाइपालाच चापट्या मारल्या. टण, टण, टण, असा आवाज करत रांग गेली. कॅमेरावाल्याने कॅमेरा खांद्यावरून उतरवला.

मी सुखावलो असेन असं वाटेल. क्षणभर सुखावलोही. मग तो भुवई फुटलेला पोरगा रांगेच्या शेवटून एकटा परत आला. आता फोटो नव्हता, साहेब तंबूच्या दिशेने निघाले होते, त्याला बोलावणारं कोणी नव्हतं. डोक्याला पट्टी, तळवा खरचटलेला. तो बरोबर भाऊंसमोर थांबला आणि काहीतरी बोलला. त्याचं इंग्रजी सुपरवायझरसारखंच, तोंडातल्या तोंडात. मी दोनदा विचारून समजून घेतलं.

"भाऊ, तो म्हणतोय, मागच्या वेळचं गोड चांगलं होतं. म्हणतोय, थुंकायला नको होतं. माफी मागतोय."

पोराने हात पुढे केला. तळवा वर करून केला, मागच्या शुक्रवारी भाऊंनी उलटा केला होता तसा. भाऊ त्या हाताकडे बघत होते. सगळी गॅलरी बघत होती. भाऊंचा उजवा हात मांडीवर होता, बोटं जरा हलली, आवळली. तो हात काही वर आला नाही. पोरगा बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने हलकेच मान हलवली, हात खाली घेतला आणि लंगडत निघून गेला.

मला त्या वेळी सगळ्यांचीच घृणा वाटली: साहेबांची, त्या पिशवीची, बोर्डावरच्या कागदाची, आणि इतक्या चांगल्या माणसालाही या लोकांनी काय करून ठेवलं त्याची.

बसकडे जाताना मी भाऊंच्या बाजूने चालत होतो. मी काही विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, "त्या पोराचा दोष नाय. मला माहीत हाय. मी उचलत होतो हात. उचलला जाईना."

रिगर बसच्या दारात उभा राहून त्यांना वर घ्यायला हात देत होता. भाऊंनी तोही घेतला नाही; डाव्या हाताने दांडा धरून, सुजलेला गुडघा ओढत, ते स्वतःच चढले.